हिरवं रक्त

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेत एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. रात्री साडेनऊला शटर ओढायचं, गल्ल्याचा हिशोब लावायचा, घरी येऊन आईसोबत जेवायचं आणि साडेदहाला फोन चार्जरला लावून बीजीएमआय, म्हणजे पबजी या मोबाइल गेमची भारतातली आवृत्ती, उघडायची, हा माझा नेम. आमचा चौघांचा स्क्वॉड ठरलेला आहे. मी, पुण्याचा दादा, लग्नानंतर बेळगावला गेलेली मैत्रीण, आणि दुसऱ्या दिवशी शाळा नसेल तर दादाचा तेरा वर्षांचा मुलगा. विमानातून उडी मारली की बंदुका शोधायच्या, खेळायचा सुरक्षित भाग, म्हणजे झोन, आकसत येतो तसं पळायचं, आणि कुणी गोळी लागून नॉक झालं, म्हणजे कोसळलं, की भिंतीआड ओढून त्याला उठवायचं. त्या अर्ध्या तासात दादाशी जेवढं बोलणं होतं तेवढं एरवी महिनाभरातही होत नाही.

दुकानात हे कळलं की लोक विचारतात, "मॅडम, मारामारीचा गेम तुम्ही खेळता? पोरं बिघडतात त्यानं." प्रश्न खोटा नाही. मीही तो स्वतःला विचारलाय.

हा गेम भारतात २०२१ च्या जुलैत आला, तेव्हा लोकांच्या काळजीपोटी त्यात बदल केले होते. गोळी लागली की लाल नाही, हिरवं काहीतरी उडतं. 'किल' हा शब्द काढून 'फिनिश' केला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. वेळेची मर्यादा मला मनापासून पटते, कारण झोप मोडलेली मुलं मी रोज काउंटरवर बघते. पण हिरव्या रक्तानं नेमकं काय साधलं, ते मला अजून उमगलेलं नाही. माझ्या भाच्याला रंगानं काडीचा फरक पडत नाही. त्याच्यासाठी समोरचा गडी म्हणजे कबड्डीतला चढाईवाला, बाद झाला की संपलं.

संशोधकांचंही यावर एकमत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गेम आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचं म्हणणं वेगळं आहे. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हाणामारीचं, खुनाचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही, असं ती संघटना सांगते.

मला स्वतःला हिंसा जिव्हारी लागली ती दुसऱ्याच एका गेममध्ये, आणि त्यात मी एकही गोळी झाडली नव्हती.

'धिस वॉर ऑफ माइन' हा पोलंडमधल्या वॉर्सा शहरात बनलेला, २०१४ चा गेम. नव्वदच्या दशकातल्या युद्धात बोस्नियाच्या साराजेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असता. दिवसा बाहेर बंदूक रोखलेली असते, म्हणून रात्री एकानं जाऊन अन्न, लाकूड, औषधं शोधून आणायची. गेममधल्या माझ्या घरात एकजण आजारी होता. मी कातिया नावाच्या पत्रकार बाईला एका शांत घरात पाठवलं. तिथं एक म्हातारं जोडपं राहत होतं. बायको आजारी. म्हातारा माझ्या मागं मागं चालत विनवण्या करत होता, नेऊ नका म्हणून. मी कपाट उघडलं आणि औषधं घेतली.

आमचा माणूस बरा झाला. कातिया मात्र उदास झाली, तिच्याच्यानं काही करवेना. काही दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेले, तेव्हा ती दोघं जिवंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक आजोबा आले. पेन्शन व्हायची आहे म्हणाले, बीपीच्या अर्ध्याच पट्टीचे पैसे होते. ते नेहमीच असं करतात. त्या दिवशी कात्रीनं पट्टी कापताना माझा हात थांबला. मी पूर्ण पट्टी दिली, पैसे नंतर द्या म्हटलं. इतकी वर्षं हे मला का सुचलं नव्हतं?

आता बीजीएमआयमधली खरी इजा सांगते. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी माइक बंद ठेवते. बाईचा आवाज ऐकू आला की पहिल्या मिनिटात शिव्या सुरू होतात, आईबहिणीवरून, शरीरावरून. गोळी लागलेली मी पुढच्या मॅचला धडधाकट उभी राहते. हे शब्द रात्री अंथरुणावरही कानात असतात. पलीकडे चित्र नसतं, खरा माणूस असतो, आणि तो खऱ्या माणसाला बोलत असतो. गेमवर बंदी घाला म्हणणाऱ्यांच्या तोंडून हा विषय मी क्वचितच ऐकलाय. आईबापांनो, मुलगा खेळत असताना पडद्यावर काय चाललंय ते जरूर बघा. पण त्याचा हेडफोन काढून एकदा ऐकासुद्धा.

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याच्या तोंडून तसलीच शिवी निघाली. आमच्यात एक अनोळखी मुलगी होती, तिच्यामुळं मॅच हरलो होतो. मी विचारलं, "मी आत्या नसते, तर मला हेच म्हणाला असतास?" तो काहीच बोलला नाही. गेम बंद करून गेला.

परवा शनिवारी पुन्हा आला. दादा नव्हता, म्हणून चौथी जागा एका अनोळखी मुलीनं घेतली. गेममधल्या पोचिंकी गावात उतरलो. तिनं दबकत "हॅलो" म्हटलं. मी ऐकत राहिले. दोन क्षणांनी भाच्याचा आवाज आला, "ताई, वरच्या खोलीत हेल्मेट आहे. तुम्ही घ्या, माझ्याकडं आहे."