शिनदेन: पाऊण तासाचं उड्डाण

शिनदेनचा फोटो पहिल्यांदा बघताना वाटतं, विमान उलट्या दिशेला तोंड करून उभं आहे. मोठे पंख मागे, छोटे पंख नाकाजवळ आणि सहा पात्यांचा प्रोपेलर थेट शेपटीला. पण हे विमान असंच उडायचं. दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ विमान, 'शिनदेन'.

ही रचना नौदलातले तांत्रिक अधिकारी त्सुरुनो यांची. इंजिन मागे नेलं की नाक मोकळं होतं आणि तिथे ३० मिलिमीटरच्या चार तोफा शेजारी शेजारी बसतात. समोर प्रोपेलरचा अडथळा नाही, मारा अगदी सरळ. एवढा दारूगोळा लागणार होता तो बी-२९ पाडण्यासाठी. ही अजस्र अमेरिकी विमानं जपानची शहरं जाळत होती.

आधी लाकडी ग्लायडर उडवून कल्पना तपासली. मग फुकुओकाच्या क्यूशू कंपनीत विमान आकाराला येऊ लागलं. वेळ इतका थोडा, की पहिलं विमान उडण्याआधीच उत्पादनाचा हुकूम निघाला.

जुलै १९४५. त्सुरुनो स्वतः कॉकपिटमध्ये बसले. धावपट्टीवर वेग घेताना नाक जरा जास्तच उचललं गेलं आणि मागची पाती जमिनीवर आपटली. इंजिन मागे नेण्याची ही किंमत होती. उपाय काय केला? 'शिरागिकु' नावाच्या सरावाच्या विमानाची छोटी चाकं आणून मागच्या दोन उभ्या पंखांखाली बसवली. या सगळ्या खटाटोपात मला तीच दोन चाकं सर्वांत जास्त भिडतात. दोन हजारांवर अश्वशक्तीचं इंजिन, आणि त्याची पाती सांभाळायला नवशिक्यांच्या विमानाची चाकं!

३ ऑगस्टला शिनदेन हवेत गेलं. चाकं आत न घेता, बेतानेच. इंजिनाच्या जोरामुळे ते उजवीकडे ओढलं जात होतं. ताशी ७५० किलोमीटरचं उद्दिष्ट अजून फार लांब होतं. पुढचं उड्डाण ६ ऑगस्टचं. त्याच दिवशी एका बी-२९ने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. त्यानंतर आणखी एक उड्डाण, बस्स. तिन्ही मिळून जेमतेम पाऊण तास. बी-२९शी गाठ पडलीच नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने शिनदेन आपल्याकडे नेलं. वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या संग्रहालयात त्याचा पुढचा भाग ठेवला आहे. त्याच इमारतीत एक चकचकीत बी-२९ही उभं आहे. हिरोशिमावर गेलेलं, 'एनोला गे'.