माणगावला गाडी थांबवा

नमस्कार श्रोतेहो.

इंदुरातल्या काही मराठी घरांचं कुलदैवत हरिहरेश्वर. घरात लग्न झालं, नातवंडाचं जावळ झालं की मंडळी निघतात. सेंधवा, धुळे, नाशिक करत पनवेल गाठायचं, मग मुंबई-गोवा रस्ता. माणगावला वडापाव, चहा, रस्त्यावरच्या कोंडीला दोन शिव्या, आणि गाडी उजवीकडे म्हसळ्याला वळते. त्याच माणगावात, तहसील कचेरीपाशी, एका सैनिकाचा पुतळा आहे. आज बोलायचंय ते त्यांच्याविषयी.

नाव नाईक यशवंत घाडगे, व्ही. सी. म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश अमलातलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. आपल्याकडे इंदुरात यशवंत हे नाव पावलोपावली भेटतं. एम. वाय. हॉस्पिटल घ्या, यशवंत क्लब घ्या, यशवंत सागर घ्या. ते सारे होळकर महाराजांचे. हे यशवंत तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, वय २२. हुद्दा नाईक, म्हणजे हवालदाराच्याही खालचा.

१९४४ चा जुलै, दुसरं महायुद्ध चालू. जेमतेम महिन्यापूर्वी इटलीतलं रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं होतं. जर्मन उत्तरेकडे हटत होते, पण टेकड्या-टेकड्यांवर मशीनगना रोवून. १० तारखेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी अशाच एका मोर्चावर चालून गेली. अगदी जवळून मारा झाला. घाडग्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे ठार तरी झाले, नाहीतर जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे घाडगे. तिथून मागे फिरले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. ते पुढे धावले. आधी हातबाँब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपले. दुसऱ्याला टॉमीगनने टिपलं. दोघे उरले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठेचलं. ऐकायला बरं वाटत नाही, मलाही सांगताना वाटत नाही. पण पदकाच्या मानपत्रात हे असंच आहे आणि ते गुळगुळीत करून सांगू नये असं मला वाटतं. पुढच्याच क्षणी दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात घाडगे गेले. त्यांची कबर कुठे नाही; इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

आता कुणी म्हणेल, लढले ते इंग्रजांसाठी, त्याचं एवढं काय? मला हा प्रश्न जरा आळशी वाटतो. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालायचं नाही, म्हणून तरुण मुंबईच्या गिरणीत जायचे नाहीतर पलटणीत. आपल्या शेजारच्या महूचंच बघा. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करात होते. आणि त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे माणगावहून फार लांब नाही. आणि १९४७ नंतर या पलटणी काही इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेल्या नाहीत. घाडग्यांची तिसरी बटालियन आजही आहे, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांवर हिंदी सैनिक होते, त्यातले ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्या जवानांचे. त्यातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे, घाडगे आणि नामदेव जाधव. जाधवांची सेनियो नदीवरची हकीकत पुन्हा कधीतरी, ती दोन वाक्यांत उरकण्यासारखी नाही.

इटालियन लोकांनी मात्र आठवण ठेवली. २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावात घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. तिथे पुतळा नाही, सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ आहे, आणि ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचा मजकूर.

मोंतोने लांब पडतं. माणगाव तुमच्या वाटेवरच आहे. रेल्वेने गेलात तरी कोकण रेल्वेचं स्टेशन आहे तिथे. पुढच्या वेळी चहा झाला की तहसील कचेरी विचारा आणि मुलांना गाडीतून खाली उतरवा. मोबाइलवर फोटो काढतीलच ती. त्याआधी त्या मशीनगनची गोष्ट तेवढी सांगा.

नमस्कार.