बंदूक कुठे ठेवता, हे विचारायला शिकूया

(कोजागिरीच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मसाला दूध आटतंय तोवर मला पंधरा मिनिटं दिलीत, त्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. विषय सणाचा वाटणार नाही. पण पाच दिवसांपूर्वी आपल्यापैकी बऱ्याच घरांत शस्त्रपूजा झाली. कुणी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, कुणी गाडीला झेंडूचा हार घातला. माझ्या आजोळी, कुडाळ तालुक्यात, खंडेनवमीला पाटावर कोयती, कुदळ, नांगराचा फाळ आणि आजोबांची ठासणीची बंदूक असायची.

ती शेती संरक्षणाच्या परवान्यावरची होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून. माजघरात उंच खुंटीवर ती टांगलेली असे. दारू आणि छर्रे वेगळ्या डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला. निवडणूक आली, आचारसंहिता लागली, की आजोबा ती फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती जपून ठेवायचे. कुणाकडे बंदूक आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. त्यात लपवायचं काही नव्हतं.

हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

अमेरिकेत, टेक्सासमध्ये मला आता 19 वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची असताना शेजारच्या आजोबांच्या नातीने तिला रात्री राहायला बोलावलं. मी फोनवर नेहमीची यादी वाचली: मांस चालत नाही, केकमध्ये अंडं असलं तर आधी सांगा, झोपताना दिवा लागतो. संध्याकाळी आजोबा स्वतः कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. घरात सात बंदुका आहेत. कुठे आणि कशा ठेवल्यात ते येऊन बघा, मग मुलीला पाठवा."

माझ्या पोटात गोळा आला. तरी गेले. गॅरेजच्या कोपऱ्यात फ्रिजएवढी उंच लोखंडी तिजोरी, जमिनीला बोल्टने आवळलेली. त्यांनी ती उघडली. रायफली ओळीने उभ्या, एकही भरलेली नाही, प्रत्येक त्यांनी मला उघडून दाखवली. काडतुसं दुसऱ्या भिंतीवरच्या पेटीत, तिला वेगळं कुलूप. तिजोरीचा आकडा फक्त त्यांना आणि बायकोला माहीत. "नातीला माहीत नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "मुलांना सगळं कळतं असं धरून चालायचं. म्हणून आकडा दर वर्षी बदलतो."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते मला पुढे कळलं. अलाबामाच्या ग्रामीण भागात बंदुका असलेल्या घरांतल्या पालकांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं होतं. तो अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. बंदूक कुठे असते हे मुलांना माहीत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्के पालकांच्या मुलांनी नेमकी जागा सांगितली. आमच्या मुलाने कधी हात लावलेला नाही, असं म्हणणाऱ्यांतल्या 22 टक्के पालकांची मुलं म्हणाली, लावलाय. आपल्या घरी दिवाळीचे लाडू कुठल्या डब्यात लपवलेत ते मुलांना कळतं ना, तसंच.

आजोबा दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातात. मला शिकार पटत नाही, हे त्यांना माहीत आहे. आमच्यासाठी ते सॉसेजऐवजी पिकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, घेऊन येतात. एकदा त्यांनी मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. मी घाबरूनच गेले होते. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. आधी चार नियम तोंडपाठ करून घेतले: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जिथे गोळी जायला नको तिथे नळी वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघायचं. तिथला अधिकारी ओरडला की सगळे बंदुका उघडून मेजावर ठेवतात, पिवळ्या रेषेच्या मागे येतात आणि मगच कुणी तरी कागद बदलायला पुढे जातो. त्या वेळात कुणी बंदुकीकडे हातसुद्धा नेत नाही. गोळी झाडल्यावर वास आला तो लवंगी फटाक्यांचा. हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होता.

आजोबांचं आणि माझं कायद्यावर एकमत नाही. 24 मे 2022 ला टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. मुलीला शाळेतून आणायला रांगेत उभी असताना मला ते कळलं, आणि गाडीतल्या गाडीत मी रडले. मला कडक कायदे हवेत, हे इथे उघड सांगते. परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरण्याची मुभा टेक्सासने 2021 पासून दिली, ती मला चुकीची वाटते. आजोबा म्हणतात, हा हक्क 1791 पासून घटनेत आहे आणि 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला. आमची चर्चा तिथेच थांबते. पण मुलगी त्यांच्याकडे राहायला गेली की मी निर्धास्त झोपते.

मला झोप लागली नाही ती आपल्या एका घरातल्या प्रसंगानंतर. त्या कुटुंबाने सांगायला होकार दिला आहे. नाव मी सांगणार नाही आणि तुम्हीही शोधू नका. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गणपतीची आरती होती. खाली टाळ-झांजा चाललेल्या, मुलं वर खेळत होती. एकाला चार्जर हवा होता, म्हणून त्याने पलंगाशेजारचा खण उघडला. माझी मुलगी जिना उतरून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आई, वर खरी बंदूक आहे." घरमालक धावत वर गेले. पिस्तूल भरलेलं होतं, सॅनिटायझरची बाटली आणि पासपोर्टांचं पाकीट यांच्यामध्ये. घरातल्या ताईंना पिस्तूल घेतल्याचं माहीत होतं. भरलेलं असतं हे माहीत नव्हतं. काही झालं नाही. प्रसाद वाटला, सगळे घरी गेले आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. सहा महिने मी त्यांच्याकडे जाणं टाळत राहिले, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी त्यांचाच फोन आला. 2020 मध्ये सगळीकडे भीतीचं वातावरण होतं, सोन्यासाठी भारतीय घरं फोडल्याच्या बातम्या होत्या, म्हणून घेतलं. तिजोरी घेतली नाही, कारण तिजोरी आणली तर येणारे-जाणारे विचारतील.

मंडळी, हे ऐकून मला आजोळचं माजघर आठवलं. लोक काय म्हणतील या धास्तीने आपण बंदूक लपवतो, आणि लपवलेल्या बंदुकीला कुलूप लागत नाही. तिच्याबद्दल मुलांशी बोलणं होत नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या 2023 च्या सर्वेक्षणात या देशातल्या 32 टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या 72 टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण दिलं. आपली माणसंही त्यांत आहेत. या सभागृहातही असतील. त्यांना वाईट ठरवायला मी उभी राहिलेले नाही.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि ती त्याच्या हाती लागली, तर मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो. एच-1बीसारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगायला सहसा मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. तेव्हा "मित्राचं पिस्तूल महिनाभर ठेवतो" असलं काही करू नका, आधी वकिलाला विचारा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला मला जड जातं. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,700 हून जास्त माणसं गेली, आणि त्यांतल्या 27,300 जणांनी स्वतःचा जीव घेतला. निम्म्याहून जास्त. आपण चोराची भीती धरून पिस्तूल आणतो. पण नोकरी गेलेला नवरा, कॉलेजात नापास झालेला मुलगा, दार लावून बसलेली मुलगी त्याच घरात राहत असते. औषधाच्या गोळ्या खाल्ल्या तर दवाखान्यात न्यायला वेळ मिळतो. पिस्तुलाने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जीव घेऊनच थांबतात. घरात कुणी खचलं असेल तर त्या काळापुरती बंदूक घराबाहेर ठेवा, माझे आजोळचे आजोबा आचारसंहितेत ठेवायचे तशी. आणि 988 हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर फ्रिजवर लावा.

आता दिवाळी येतेय. फराळाला एकमेकांकडे जाल, मुलं वर खेळायला जातील. अंड्याचं विचारता त्याच दमात विचारा, "घरात बंदूक आहे का? कुलपात आहे ना?" मला हे पहिल्यांदा विचारायला खूप अवघड गेलं, शब्द घशात अडकले. समोरच्या ताई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "नाही गं. पण आमच्या मुलीला सोडतो तिथे आम्हीही विचारायला हवं होतं." तुमच्या घरी मुलं येणार असतील तर शेजारच्या आजोबांसारखं आपण होऊन सांगा, समोरच्याची अडचण वाचेल.

दाराजवळच्या टेबलावर, चपलांच्या रॅकच्या बाजूला, एक खोका ठेवलाय. त्यात केबलची कुलपं आहेत, फुकट. आधी बंदूक रिकामी करायची, मग केबल तिच्या उघड्या भागातून आरपार घालायची आणि कुलूप लावायचं. काडतूस आत बसतच नाही. प्रत्येकाबरोबर दोन किल्ल्या आहेत, दोन्ही मुलांपासून लांब ठेवा. वही ठेवलेली नाही, नाव लिहायचं नाही, कुणी विचारणारही नाही. मी मुद्दाम दूध वाटायला आतल्या बाजूला उभी राहणार आहे.