बाल्डविन, बकली आणि ५४४ विरुद्ध १६४

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं.

तुम्ही सगळ्यांनी त्या क्लिपा बघितल्या असतील, अमेरिकेतल्या कुठल्यातरी कॉलेजात एक कॉन्झर्व्हेटिव्ह कमेंटेटर माईक घेऊन बसलेला, समोर वंशभेदाविरुद्ध तावातावाने बोलणारी विशीतली पोरं, आणि वर टायटल काय तर अमक्याने तमकीची बोलती बंद केली. आज मी त्यांच्यावर नाही बोलणारे, या सगळ्या प्रकाराच्या खापरपणजोबावर बोलणार आहे. १८ फेब्रुवारी १९६५, इंग्लंडमधली केंब्रिज युनियन, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांची वादविवाद सभा. विषय असा की अमेरिकन स्वप्न हे अमेरिकन निग्रोच्या जिवावर उभं आहे. (तेव्हा हाच शब्द वापरायचे, बाल्डविनसुद्धा.)

एका बाजूला काळा लेखक जेम्स बाल्डविन, न्यू यॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीचा, हार्लेमचा, नऊ भावंडांत थोरला, चौदाव्या वर्षी चर्चमध्ये प्रवचनं देणारा. दुसरीकडे विल्यम बकली, बाप तेलाच्या धंद्यातला, स्वतः येल विद्यापीठात शिकलेला, आणि १९५५ ला नॅशनल रिव्ह्यू हे कॉन्झर्व्हेटिव्ह नियतकालिक काढलेला. त्याच नियतकालिकाने १९५७ मध्ये संपादकीयात सरळ लिहिलं होतं की दक्षिणेत गोरे संख्येने कमी असले तरी सत्ता त्यांच्याच हातात राहायला हवी, कारण सध्या तरी तेच जास्त प्रगत आहेत. म्हणजे माणूस काय आहे ते आधीच माहीत होतं.

बाल्डविन डिबेट करतच नाही हो. मुद्दा एक, मुद्दा दोन असं काही नाही. तो सांगतो की पाच-सहा वर्षांचं पोरगं असताना पिक्चरमध्ये हिरो गॅरी कूपर रेड इंडियन लोकांना मारतोय म्हणून तुम्ही टाळ्या पिटत असता, आणि मग एक दिवस कळतं की ते इंडियन म्हणजे तुम्हीच. मग तो एकदम 'मी' वर येतो, कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, दुसऱ्याच्या चाबकाखाली आणि फुकट. चारशे वर्षांचा हिशोब एका माणसाच्या तोंडून. आणि मला सगळ्यात जास्त थरारक वाटतो तो भाग वेगळाच, अलाबामातल्या सेल्मा गावचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, जिम क्लार्क, बाईच्या अंगाला गुरं हाकायचा विजेचा दांडा लावणारा माणूस, त्याच्याबद्दल बाल्डविन म्हणतो की बाईचं झालं ते वाईटच, पण त्या माणसाचं जे झालंय ते काही अर्थाने त्याहून भयंकर आहे. शत्रूची कीव करणारा माणूस समोर असला की काय खंडन करणार? अख्खं सभागृह उभं राहिलं, टीव्हीसाठी निवेदन करणारा म्हणाला की युनियनमध्ये असं मी कधी बघितलं नाही.

मग बकली उठला. त्याने पहिली चाल काय खेळली ती नीट बघा, कारण आजही तीच चालते. तो म्हणाला की निग्रो म्हणून तुम्हाला जी सवलत मिळते ती मी देणार नाही, तुम्ही गोरे असता तर बोललो असतो तसंच मी तुमच्याशी बोलणार. ऐकायला काय समतावादी वाटतं! पण याने प्रश्न कापसावरून हलला आणि बाल्डविनवर आला, त्याला डोक्यावर कोण घेतं, एवढंच काय तो आज ब्रिटिश ॲक्सेंटमध्ये का बोलतोय इथपर्यंत. मधेच एका पोराने मिसिसिपीतल्या मतदानावरून टोकलं तर बकली म्हणतो, तिथे निग्रो कमी मत देतात हा प्रॉब्लेम नाही, फार जास्त गोरे मत देतात हा आहे. हशा! हजरजबाबी होता हे मान्यच करायला पाहिजे.

निकाल ५४४ विरुद्ध १६४, बाल्डविन जिंकला. आणि त्याच दिवशी रात्री अलाबामात मॅरियन गावात पोलिसाने जिमी ली जॅक्सन या काळ्या तरुणाला गोळी घातली, मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात होता तो, आठ दिवसांनी गेला. त्या मृत्यूमुळे सेल्माचा मोर्चा निघाला, ७ मार्चला पुलावर लाठ्या पडल्या, ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. केंब्रिजच्या टाळ्यांनी नाही झाला.

आणि बकलीचं काय? माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते, सगळे ५४४ वर थांबतात. एप्रिलमध्ये तो न्यू यॉर्कच्या कॅथलिक पोलिसांच्या मेळाव्यात गेला आणि सेल्माच्या पोलिसांनी आधी किती संयम पाळला ते पेपरवाले सांगत नाहीत म्हणाला, त्यावरून मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबरात कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी या छोट्या पक्षाकडून न्यू यॉर्कच्या मेयरपदाला उभा राहिला, तिसरा आला, १३ टक्क्यांच्या आसपास मतं. पण ती मतं कोणाची? क्वीन्स, स्टॅटन आयलंडसारख्या भागातले नोकरदार गोरे, जे आधी डेमोक्रॅट होते असेही बरेच. पुढच्या वर्षी त्याने टीव्ही शो चालू केला, त्यात ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचा ह्यूई न्यूटनपण येऊन गेला, १९७३ ला. (तोपर्यंत आपल्याकडे मुंबईत त्यांच्या नावावरून दलित पँथर निघाली होती, १९७२ ला.) म्हणजे सभागृहात हरलेला माणूस दर आठवड्याला घराघरात.

२००४ मध्ये बकलीनेच टाइम साप्ताहिकाला सांगितलं की दक्षिणेतला भेदभाव हळूहळू आपोआप जाईल असं मला वाटायचं, ते चूक होतं, केंद्र सरकारने हात घालणं गरजेचं होतं. चाळीस वर्षांनी. पण तोवर त्याच्या १३ टक्क्यांचं काम झालेलं, १९७० लाच त्याचा भाऊ जेम्स बकली त्याच छोट्या कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या तिकिटावर न्यू यॉर्कमधून सिनेटवर निवडून आला होता.

चला, प्रश्न घेऊ. माईक मागे द्या जरा.