गालावरचे खड्डे आणि दीड मिलिमीटरची सुई

हे बघा, कॅमेरा एवढा जवळ नेला म्हणून दिसतंय, नाहीतर हातात घेतला तर नुसता बोटभर प्लास्टिकचा रोलर वाटतो. पिंपल्सचे खड्डे कमी करायला कातडीत बारीक सुया टोचतात, त्या मायक्रोनीडलिंगचं हे साधन. यावर स्टीलच्या सुया आहेत, नेहमीच्या रोलरला 192 असतात, केसासारख्या बारीक. शेजारी आहे ते पेन, टोकाला सुयांचं कार्ट्रिज बसतं, मोटर चालू झाली की सुया भराभर वर-खाली होतात आणि किती आत जायचं ते पेनवरच सेट करता येतं.

आपण बेळगावात टिळकवाडीतल्या एका स्किन क्लिनिकमध्ये आहोत. बाहेर बाकावर खानापूरची माणसं, चिकोडीची माणसं, कोण मराठीत बोलतंय कोण कन्नडमध्ये, तक्रार मात्र एकच, पिंपल्स गेले पण खड्डे राहिले. ही मुलगी निपाणीकडच्या गावातनं आईबरोबर आलीय, बीकॉमला आहे. घरचे सांगत होते लग्न झालं की जातील आपोआप. नाही जात! पिंपल्स वयाप्रमाणं कमी होतील, पण खड्ड्याखालचं कोलॅजन, म्हणजे कातडीला आतनं आधार देणारं प्रोटीनच कमी झालेलं असतं, वरनं कुठलंही क्रीम चोळून ते भरत नाही. आणि मेडिकलमधनं कुणीतरी सांगितलेली स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्महिने लावून चेहरा आणखी खराब करून घेतलेल्या मुली आम्हाला याच बाकावर भेटल्या.

आता आत चला. चेहरा धुऊन सुन्न करायचं क्रीम जाडसर लावलंय, हे पाऊण तास ते तासभर तसंच ठेवायचं, घाई केली की दुखतं. मग क्रीम पूर्ण पुसून अँटिसेप्टिक. सुयांचं पाकीट तिच्या समोर फोडतात, हे लक्ष देऊन बघा, कारण या सुया एका माणसाला एकदाच वापरायच्या. डॉक्टर मॅडम एका हातानं गाल ताणून धरतात आणि दुसऱ्या हातानं पेन आधी उभं, मग आडवं, मग तिरकं फिरवतात. गालावर दीड मिलिमीटर, कपाळावर कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, म्हणून तिथं कमी. सिस्टर कन्नडमध्ये विचारतात दुखतंय का, ही मराठीत म्हणते नाही हो, आणि काम चालू राहतं. हे लाल ठिपके दिसायला लागले ना, तेवढंच रक्त यायला पाहिजे, मग मॅडम तिथं थांबतात आणि सलाईनचा गार गॉज ठेवतात.

याची सुरुवात कशी झाली ते पण ऐका. कॅनडातले प्लास्टिक सर्जन कॅमिरँड चेहऱ्यावरच्या पांढऱ्या पडलेल्या वणांवर कातडीच्या रंगाचं टॅटू करायचे, काही काळानं बघितलं तर वण सुधारलेले आणि नैसर्गिक रंगही परत आलेला. मग त्यांनी शाई न घालताच सुई चालवून बघितली, ते 1997 मध्ये छापून आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फर्नांडिस यांनी पुढं रोलर केला. सुईनं बारीक जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारे पदार्थ सोडतात, कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कामाला लागतात, नवं कोलॅजन तयार होतं, आणि हे काम कित्येक महिने आत चालू राहतं. वरचा थर सोलला जात नाही, म्हणून आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर काळे डाग पडायची भीती काही लेझरपेक्षा कमी. माझ्या मते आपल्या भागातल्या मुलामुलींना हे माहीतच पाहिजे.

पण ऑनलाइन रोलर मागवून घरी बाथरूममध्ये फिरवू नका, पार्लरमध्ये तर नकोच. पिकलेले पिंपल्स असतील, ओठावर नागीण उठली असेल, वण फुगायची म्हणजे केलॉइडची सवय असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला सांगा.

लाली दोन-तीन दिवस राहते, साधारण तीन ते सहा सिटिंग लागतात, खड्डे उथळ होतात, पूर्ण सपाट होत नाहीत, आणि सुईनं टोचल्यासारखे खोल खड्डे असतील तर वेगळा उपाय करावा लागतो.

आई विचारते, उद्या हिला भांगलणीला नेऊ का? मॅडम सांगतात, मावशी चार दिवस नको, नंतर गेली तरी सनस्क्रीन लावून आणि ओढणी बांधून. पुढची सिटिंग महिन्याभरानं, तोवर नवा पिंपल आला तर फोडायचा नाही, फोन करायचा.