घड्याळाखालचा बाजार

नमस्कार, श्रोतेहो! आज आपण फ्रान्समध्ये, नॉर्मंडीतल्या रुआँ शहरात जाऊ. सेन नदीकाठच्या या शहरात ‘र्‍यू द्यु ग्रो-ओरलोज’ नावाचा रस्ता आहे, म्हणजे मोठ्या घड्याळाचा रस्ता. एका टोकाला नोत्र-दाम कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला जुन्या बाजाराचा चौक. दोन्ही बाजूंना कपडे, चपला, सुगंधी द्रव्यं अशी दुकानं. सुट्टीच्या दिवशी इथे चालायचं तर खांद्याला खांदा लागतो.

दुकानं सगळीकडेच असतात हो. मला या रस्त्याचा खरा इतिहास त्याच्या घंटांमध्ये दिसतो.

मध्ययुगात शहराची घंटा म्हणजे शहराचा हक्क. ती वाजली की नागरिक जमायचे. फेब्रुवारी १३८२ मध्ये नव्या करांवरून रुआँ पेटलं. राजा सहावा शार्ल तेव्हा अवघा तेरा वर्षांचा, आणि राज्य चालवत होते त्याचे काका. बंडवाल्यांनी ज्याँ ल ग्रा नावाच्या लठ्ठ कापडव्यापाऱ्याला धरून आणलं, लुटुपुटीच्या सिंहासनावर बसवलं आणि त्याच्याकडून कर रद्द झाल्याचं वदवून घेतलं. तो बिचारा काय करणार! या गमतीबरोबर लुटालूटही झालीच. पुढे राजा शहरात आला, काही पुढाऱ्यांची डोकी उडाली, शहराचा स्वराज्याचा अधिकार गेला. घंटा जप्त झाल्या आणि ज्या मनोऱ्यात त्या टांगलेल्या होत्या, तो मनोराही पाडला गेला. बंडखोरांबरोबर घंटेलाही शिक्षा!

पण व्यापारी शहर फार काळ मुकं राहत नाही. काही वर्षांतच मनोरा पुन्हा उभा राहू लागला, या वेळी घड्याळासाठी. १३८९ मध्ये झुर्दां देल लेशने सुरू केलेली यंत्रणा ज्याँ द फेलँने पुरी केली. ती थेट १९२८ पर्यंत चालली, मग वीज आली.

आज दिसणारी दगडी कमान १५२७ ते १५२९ मधली. ती रस्त्यावरच आडवी उभी आहे, त्यामुळे बाजारात आलेल्या प्रत्येकाला तिच्या खालून जावंच लागतं. दोन्ही बाजूंना तबकड्या आहेत: निळ्या पार्श्वभूमीवर चोवीस किरणांचा सोनेरी सूर्य आणि काटा फक्त एक, तासाचा. मिनिटांची घाई तेव्हा कोणाला होती? वरच्या गोळ्यावर चंद्राच्या कला दिसतात, खालच्या खिडकीत त्या-त्या वाराची देवता. काट्याच्या टोकाला मात्र मेंढी आहे! शहराच्या चिन्हातही मेंढी, कमानीच्या आतल्या कोरीवकामातही मेंढपाळ आणि मेंढ्या. रुआँ श्रीमंत झालं ते लोकरीच्या कापडावर, आणि ते मिरवायला इथले लोक लाजले नाहीत.

रस्त्यावरची जुनी घरं लाकडी सांगाड्याची. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे काढायचा, म्हणजे जागा वाढते. शेजाऱ्याचा उजेड गेला तरी चालेल! सोळाव्या शतकात शहराने अशा बांधणीला बंदी घातली. त्यामुळे असं पुढे झुकलेलं घर दिसलं, की ते बहुधा त्याआधीचं समजावं.

जुन्या बाजाराच्या चौकाबद्दल थोडक्यात सांगतो. ३० मे १४३१ रोजी एकोणीस वर्षांच्या झान द’आर्कला, म्हणजे जोन ऑफ आर्कला, इथेच जिवंत जाळलं. आज तिथे तिच्या नावाचं चर्च आहे, १९७९ मधलं.

१९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत रुआँ होरपळलं, कॅथेड्रलही जबर जखमी झालं. युद्धानंतर शहर सावरलं आणि सगळीकडे मोटारी आल्या, या अरुंद रस्त्यावरसुद्धा. मग १९७० च्या सुमारास, ज्याँ लकान्यूए महापौर असताना, नगरपालिकेने मोटारी बाहेर काढल्या. फ्रान्समधला पहिला पादचारी रस्ता म्हणून याच रस्त्याचं नाव घेतलं जातं. पुढे देशातल्या कितीतरी शहरांनी आपापल्या जुन्या बाजारपेठा अशाच मोकळ्या केल्या. ज्या काळात प्रगती म्हणजे मोटार, असं सगळीकडे ठरून गेलं होतं, त्या काळात हे करायला धाडस लागलं असणार.

विजय मात्र अपुरा आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात शहराच्या मधोमध एक सरळ, रुंद रस्ता काढला गेला, त्यालाही झान द’आर्कचंच नाव आहे. तो आपल्या बाजाराला मधोमध छेदतो आणि त्यावर वाहनं आजही धावतात. म्हणजे घड्याळाच्या कमानीकडून जुन्या चौकाकडे निघालेल्या पादचाऱ्याला वाटेत थांबून दोन्हीकडे बघावं लागतंच. नमस्कार!