शेरीफ ब्रॅडीचा खून

अमेरिकेतला बंदूकबाज बिली द किड याचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. पण ज्या खुनासाठी न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, तो खून कोणाचा, हे फारसे कोणी सांगू शकत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्या मेलेल्या माणसाविषयी.

विल्यम ब्रॅडी मूळचा आयर्लंडमधल्या कॅव्हनचा. अमेरिकेत तो सैन्यात शिरला, तिथल्या यादवी युद्धात लढला आणि १८६९ साली न्यू मेक्सिको प्रदेशातल्या लिंकन परगण्याचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, झाला. या परगण्याची नाडी मर्फी आणि डोलन यांच्या दुकानाच्या हाती होती. शेतकऱ्यांना उधारी तेच देत आणि फोर्ट स्टँटनच्या छावणीला गोमांस पुरवण्याचे ठेकेही तेच मिळवत. लोक त्या दुकानाला ‘द हाउस’ म्हणत. आपण ‘वाडा’ म्हटले तर त्यातली जरब नेमकी कळते. ब्रॅडी याच वाड्याच्या गोटातला होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१८७७ मध्ये जॉन टन्स्टॉल या तरुण इंग्रजाने वकील मॅकस्वीनच्या साथीने शेजारीच दुसरे दुकान थाटले. एका विम्याच्या रकमेवरून मॅकस्वीनवर दावा लागला, त्यापायी टन्स्टॉलच्या मालावरही जप्ती आली आणि ती बजावायला ब्रॅडीने पाठवलेल्या टोळीतल्या माणसांनी १८ फेब्रुवारी १८७८ रोजी टन्स्टॉलला गोळ्या घातल्या. यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टन्स्टॉलची माणसे सूडासाठी थेट बंदुका घेऊन निघाली नाहीत; ती आधी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावचा कनिष्ठ न्यायाधीश, असलेल्या विल्सनकडे गेली आणि तिथून त्यांनी मारेकऱ्यांच्या अटकेचे वॉरंट मिळवले. ते बजावायला टन्स्टॉलच्याच माणसांपैकी असलेला बिली कॉन्स्टेबलबरोबर गेला, तेव्हा ब्रॅडीने त्यालाच अटकेत टाकले आणि त्याची रायफल काढून घेतली. पुढे ९ मार्चला गव्हर्नर अ‍ॅक्स्टेल यांनी विल्सनची नेमणूकच बेकायदा ठरवली आणि टन्स्टॉलच्या माणसांच्या हातातल्या वॉरंटांची किंमत शून्य झाली. कायद्याची वाट अशी दोनदा बंद झालेली माणसे पुढे काय करतील, हे ओळखणे अवघड नव्हते.

१ एप्रिलच्या सकाळी ब्रॅडी आपल्या साहाय्यकांसह लिंकनच्या एकुलत्या एका रस्त्याने चालला असता टन्स्टॉलच्या दुकानाला लागून असलेल्या मातीच्या भिंतीआडून गोळ्यांचा वर्षाव झाला. तो जागीच कोसळला. त्याचा साहाय्यक जॉर्ज हिंडमनही मारला गेला. ब्रॅडी निःपक्षपाती नव्हता, तरीही भरदिवसा दबा धरून माणूस टिपण्याला लढाई म्हणायला माझे मन तयार होत नाही. त्याची पत्नी मारिया हिच्या पदरात आठ मुले होती आणि नववे पोटात होते.

या खुनासाठी शिक्षा झाली ती एकट्या बिलीला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मेसिया येथे न्यायाधीश ब्रिस्टल यांनी त्याला फाशी ठोठावली आणि १३ मे ही तारीख नेमली. तोवर वाड्याचे ते जुने दुकान परगण्याची कचेरी झाले होते आणि बिलीला ठेवले ते तिथेच, वरच्या मजल्यावर. २८ एप्रिलला दोन पहारेकऱ्यांना ठार करून तो निसटला. १४ जुलैच्या रात्री फोर्ट सम्नर येथे लिंकनचा तेव्हाचा शेरीफ पॅट गॅरेट याच्या गोळीने तो मेला, तेव्हा ब्रॅडीच्या खुनाबद्दलची ती शिक्षा कागदावरच राहिलेली होती.